खोली घुमते

गोधडी अजून गरम होती. भागीरथाबाईनं आत येऊन बोचक्याची गाठ सोडली, घडी बाहेर काढली आणि "हे धर" म्हणून देवमनच्या हातांवर ठेवली, तर तिची ऊब थेट त्याच्या तळहातांना लागली. बोचक्यातली वस्तू गरम असायचं काही कारण नव्हतं. अकोल्याहून सकाळची गाडी, बडनेऱ्याला उतरून अमरावतीची दुसरी, आणि टेशनापासून फ्रेजरपुऱ्यापर्यंत पायी. त्यात डिसेंबरातलं वारं, बोटं आखडतील असं. मग त्याच्या ध्यानात आलं. बाई वाटभर ही गोधडी पांघरून आली होती, आणि दाराशी आल्यावर बाहेर ओट्यावर बसून तिनं ती नीट घडी घालून बोचक्यात बांधली होती. अंगावरची वस्तू भावाच्या घरी द्यायची तिला लाज वाटली असणार. वा रे वा! लाज वाटायला हवी होती कुणाला, आणि वाटत होती कुणाला! देवमननं गोधडी ओळखली. एका अंगाला हिरव्या लुगड्याचा पदर, दुसऱ्या अंगाला त्याच्याच शाळेतल्या दोन सदऱ्यांचे तुकडे. ही तिची रोजची, निजायची. आधीच्या पाच ती एकेक करून घेऊन आली तेव्हा तो मनात मोजत होता, आणि मोजून झालं की स्वतःची समजूत घालत होता, असतील अजून, बाईमाणसाच्या घरात गोधड्यांना काय तोटा. आता समजूत घालायलाही काही उरलं नव्हतं.

"खिडकीच्या वरची भिंत तेवढी उघडी राह्यली व्हती ना मांगच्या खेपेले," बाई म्हणाली. "तथी टांग हे. मंग पाहू कशी घुमते तुही खोली."

खोली घुमते. हे वाक्य त्याचंच. पावणेदोन वर्षांपूर्वी अकोल्यात भर दुपारी ते त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि असं गेलं की परत तोंडात घालता येईना. बरं, वाक्य खोटंही नव्हतं, हीच तर गोम होती. घरामागची ती आठ बाय दहाची खोली खरंच घुमायची. चारी भिंतींना गुळगुळीत चुना, खाली फरशी, वर टिन. टाळी वाजवली की भिंती ती टाळी एकमेकींकडे चेंडूसारखी फेकत बसायच्या. ढोलकीचा धुम्म कोपऱ्यात जाऊन ठाण मांडायचा आणि दुसरा धुम्म आला तरी हलायचा नाही. देवमन टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ होता, आवाज तारेतून कसा जातो ते त्याला पाठ होतं, पण आवाज खोलीत कसा राहतो हे त्याला त्या खोलीनं शिकवलं. बदली होऊन गेलेल्या एका डॉक्टरचा जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर त्याच्याकडे आला होता, आणि त्याच्या जोडीला त्यानं स्वतः एक डबा तयार केला होता. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्याला दोन भोकं, दोन भोकांत दोन बटनं. डाव्या बटनानं एका माईकचा आवाज कमी-जास्त व्हायचा, उजव्यानं दुसऱ्याचा, आणि दोन्ही आवाज डब्यात मिसळून एकाच तारेनं टेपवर जायचे. अमरावतीत असा डबा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. लोक पाहायला यायचे. 'देवमनजीनं आवाजाची खिचडी करायचं मशीन केलं' म्हणायचे, आणि देवमन वरवर हसून आतून फुगायचा. त्या दोन बटनांवर हात ठेवला की त्याला वाटायचं, आपण आता कुणीतरी झालो.

आणि त्याला कुणीतरी केलं होतं ते या बाईनं. सख्खी थोरली बहीण, पण तो तिला बाईच म्हणायचा, आणि ती त्याला देवा. छप्पन साली सारे देव सोडून आल्या, हा एक तेवढा तोंडात राहिला, असं त्याची बायको जयवंता गमतीनं म्हणायची. दर्यापूरकडच्या गावात आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा, बाई सोळा-सतराची. तिचं लग्न झालं होतं, दोन वर्षांत नवरा तापानं गेला, ती परत आली, आणि या पोराला बखोटीला धरून अकोल्याला जिनात कामाला लागली. सरकीपासून रुई वेगळी करणारी ती यंत्रं दिवसभर धडधडायची आणि त्यांच्यावर ताण करून बायका गायच्या. बाईचा आवाज त्यात सगळ्यांच्या वर. लहानपणी तो भाकर घेऊन जायचा तेव्हा जिनाच्या फाटकाबाहेर उभं राहून त्याला ओळखू यायचं, बाई आज कुठल्या यंत्रावर आहे. आवाज गोड होता असं नाही म्हणता यायचं. धारदार होता. आत घुसायचा. छप्पन साली ती जिनातल्या बायांबरोबर दीक्षेला नागपूरला गेली. देवमनची तेव्हा परीक्षा होती, तो गेला नाही. ती परत आली ती गाणं घेऊनच आली. स्वतः रचलेलं. लिहिता येत नव्हतं, म्हणून गाडीतच पाठ करून टाकलेलं.

मी बी येतो वं बायांनो, जरा थांबा वाटेले,
दळन राह्यलं जात्यात, कुलूप नाही ताटीले.

पुढं सात-आठ कडवी होती. घराची ताटी उघडी टाकून, चूल अर्धी विझवून, जिनाचा खाडा करून निघालेल्या बाया, आणि मागून धावत, हाका मारत येणारी एक. अकोल्यात प्रत्येक जयंतीला ते गाणं व्हायचंच. 'मी बी येतो' म्हटलं की बाया उठून उभ्या राहायच्या.

आता त्या 'येतो'ची गोष्ट. वऱ्हाडात बाई काय न् पुरुष काय, मी येतो, मी जातो, मी करतो, सारं एकच. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. देवमनलाही कधी वाटलं नव्हतं, एक्स्चेंजमध्ये लागेपर्यंत. तिथं पहिल्याच आठवड्यात त्यानं कुणाच्या बायकोचा निरोप सांगताना 'त्या म्हणाल्या, मी उद्या येतो' असं म्हटलं, आणि खोलीतल्या दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बस, तेवढंच. पण त्या पाहण्यानंतर देवमननं जीभ अशी घासूनपुसून घेतली, की सहा महिन्यांत तो 'मला', 'तुला', 'कशासाठी' असं बोलायला लागला, आणि फोनवर लोक त्याला पुण्याचा समजायला लागले. घरी आला की मात्र 'मले'. कपडे बदलावेत तशी तो ओट्यावर जीभ बदलायचा, आणि यात लपवाछपवी आहे असं त्याला कधी वाटलं नाही. चार माणसांत बसायचं तर असं करावं लागतं, असंच तो धरून चालला होता.

त्रेसष्टच्या मार्चात रेकॉर्डिंग ठरलं. चौदा एप्रिलला अकोल्याच्या वस्तीत सकाळपासून कर्ण्यावर आपलीच गाणी, आपल्याच माणसांच्या आवाजात टेपवरून लावायची, अशी मंडळींची हौस. जानराव नावाचा गायक होता, मोठ्या छातीचा, त्याच्यासमोर एक माईक, ढोलकी-पेटी त्याच्याच बाजूला. आणि दुसऱ्या माईकसमोर बाई. तो दुसरा माईक देवमनच्या साहेबांचा, कमलाकांत जोगळेकरांचा. पुण्याचा माणूस, यंत्रांचा शौकीन, मनानं सरळ. 'देवमन, मलाही तुझा डबा चालताना पाहायचाय' म्हणून रविवारी सकाळी स्वतःच माईक घेऊन फ्रेजरपुऱ्यात आले आणि खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसले. साहेब घरात आले या आनंदात देवमनची जीभ बदलायची राहून गेली. तो बाईला म्हणाला, "तुम्ही जरा मागे सरका. इथे उभ्या राहा." बाईनं मागं वळून पाहिलं. तिला वाटलं, मागं आणखी कुणी बाई आहे. मागं भिंत होती. मग तिला उमगलं की हे आपल्यालाच, आणि ती दोन पावलं मागं सरकली. ते तिचं वळून पाहणं देवमनला आजही आठवलं की कानांच्या पाळ्या तापतात.

जानरावनं गाणं उचललं, बाईनं धरलं. 'मी बी येतो वं बायांनो.' आणि कोपऱ्यातून साहेब हसले. मोठ्यानं नव्हे. नाकातून, हलकेच. वाकून देवमनच्या कानाशी म्हणाले, "बाई आहेत ना त्या? मग 'येतो' कसं?" देवमनचा उजवा हात उजव्या बटनावर होता. तो हात फिरला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. हातानं आपल्या मनानं बटन डावीकडे नेलं, थोडं, आणखी थोडं, आणि पार टोकाला. समोर बाई डोळे मिटून गात होती, मानेच्या शिरा ताणून, सगळी कडवी, आणि टेपवर एकटा जानराव जात होता. देवमननं हेडफोन कानांवर ओढले. बाई गातेय हे त्याला दिसत होतं आणि ऐकू येत नव्हतं. वाटलं तर तो कधीही बटन परत फिरवू शकत होता. एक कडवं झालं, दुसरं झालं. प्रत्येक कडव्याला तो म्हणत होता, आता. आणि प्रत्येक कडव्याला 'येतो' येत होतं. गाणं संपलं तेव्हा जानराव म्हणाला, "वा भागीरथाबाई, आज तं तोडलं!" आणि बाई पदरानं तोंड पुसत लाजून हसली.

चौदा एप्रिलला ती अकोल्यात कर्ण्याखाली सगळ्यांत पुढं बसली होती. जिनातल्या पंधरा-वीस बाया गोळा करून आणल्या होत्या. शेजारची जाईबाई तर पायानं अधू, तिलाही पाठीवर घेऊन आली होती. "माहा आवाज येनार हाये मशीनमधून," असं ती आठ दिवस सांगत होती, आणि देवमन दोन दिवस आधी येऊन सारं ऐकत होता, आणि गप्प होता. टेप लागली. जानराव गरजला. त्याच्या आवाजामागं, त्याच्याच माईकमध्ये शिरलेला, बाईचा आवाज होता म्हटलं तर होता. विहिरीत कुणी पडावं आणि वरून जत्रा जात असावी, तसा. बायांनी आधी कान दिले. मग बाईकडे पाहिलं. जाईबाई मोठ्यानं म्हणाली, "तू कुठी हायेस वं याच्यात?" बाई म्हणाली, "हाये ना. ऐका की जरा." गाणं संपेपर्यंत ती त्या कर्ण्याकडे मान वर करून बसली होती, म्हणजे आवाज यायचा उशीर झाला असेल तर आता येईल. कार्यक्रम आटोपल्यावर ती त्याच्याकडे आली. रागानं नाही, भांडायला नाही. नुसतं विचारायला. "माहा आवाज काहून नाही आला रे देवा?"

सांगता आलं असतं. दोन शब्द होते. पण आजूबाजूला माणसं होती, साऱ्यांनी देवमनजींचं कौतुक चालवलं होतं, गळ्यात हार होता. "खोली घुमते, बाई," तो म्हणाला. "भिंतीवर आदळून आवाज फुटते. बारीक आवाज दबून जाते." बाईनं हे मन लावून ऐकलं. जिनात यंत्र बिघडलं की मिस्त्रीचं ऐकायची तसं. "मंग भिंतीले काही लावा लागन?" तिनं विचारलं. "हो, लागन," तो म्हणाला. "गोधड्या-बिधड्या काही." बला टळली, असंच वाटलं त्याला. गोधड्या काय, चालायचंच.

पुढच्या महिन्यात सुट्टीच्या दिवशी ती दारात उभी. डोक्यावर दोन पोती, त्यात जिनातला टाकाऊ कापूस ठासून भरलेला. "कोपऱ्यात उभे कर," म्हणाली. दोन कोपऱ्यांत दोन पोती उभी केली, आणि काय सांगावं, ढोलकीचा धुम्म खरंच कोपरा सोडून गेला. देवमन तंत्रज्ञ, पण हे त्याला सुचलं नव्हतं. मग गोधड्या सुरू झाल्या. पहिली आईच्या लुगड्याची. ती त्यानं भिंतीला खिळ्यांनी घट्ट ठोकली. बाईनं टाळी वाजवून पाहिली, मान हलवली. "चिपकवू नको भिंतीले. जरा दूर टांग, दोन बोटं. मांगं हवा राहू दे." तसं केलं, आणि खोली एकदम शांत झाली. हिला कसं कळलं? "जिनात गठ्ठे भिंतीपासून दूर रचले की कमी धडधडते," ती म्हणाली. तिचा कान असा. असा कान ज्या बाईला आहे तिला आपण सांगितलं, भिंतीनं तुझा आवाज खाल्ला. प्रत्येक गोधडीबरोबर खोली सुधारत गेली. छताला गोणपाट लागलं, दाराला आतून रजई, फरशीवर दोन सतरंज्या. अमरावतीतली मंडळी मुद्दाम पाहायला यायची आणि म्हणायची, देवमनजी, तुमच्या खोलीत कसं, बोललं की शब्द मोजून हातात येते. आणि देवमन त्या खोलीत पाय ठेवायला भ्यायला लागला. त्याला वाटायचं, या भिंती आता काही परत देत नाहीत, सगळं ठेवून घेतात; त्यात ते वाक्यही कुठंतरी गोधडीत मुरून बसलं असेल.

भरीला एक दिवस एक्स्चेंजमध्ये जोगळेकर साहेब म्हणाले, "अरे, तुझी ती टेप ऐकव की पुन्हा." ऐकवली. अर्ध्यावर त्यांनी हात वर केला. "त्या बाई कुठे गेल्या? 'मी बी येतो' म्हणणाऱ्या? मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, बाई पुरुषासारखं 'येतो' म्हणते आणि काय झोकात म्हणते! मला तर तेच ऐकायचं होतं." देवमन म्हणाला, "खोली घुमते, साहेब." दुसऱ्यांदा. तेव्हा त्याला कळलं की ज्या हसण्यासाठी त्यानं बहिणीचा आवाज पुरला ते हसणं टवाळीचं नव्हतंच. लाज साहेबांनी दिली नव्हती. ती त्याच्याकडेच होती, पहिल्यापासून. साहेब नुसते नाकातून हसले, आणि यानं ती काढून बहिणीच्या तोंडावर दाबली. घरी येऊन त्यानं हे सारं जयवंताला सांगितलं. ती पीठ मळत होती, तशीच थांबली. "मले काहून सांगता?" ती म्हणाली. "ज्याचं त्याले सांगा ना." सांगतो, तो म्हणाला. पुढच्या खेपेला सांगतो. पुढची खेप आली, बाई आली, सोबत गोधडी आली, आणि गोधडी हातात घेऊन 'खोली घुमत नव्हती' असं म्हणायला कुठली जीभ वळते? वळली नाही. दरवेळी निघताना बाई उंबऱ्यात थांबायची आणि म्हणायची, "येतो रे देवा." आणि तो "ये बाई" म्हणायचा, आणि ती वळली की सुटल्यासारखा श्वास सोडायचा.

आज त्यानं शिडी लावून सहावी गोधडी खिडकीच्या वर टांगली. दोन बोटं हवा सोडून. खाली उतरला. बाईनं खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथंच संपली. तिनं पुन्हा वाजवली. काहीच परत आलं नाही. बाईच्या तोंडावर असं हसू आलं की देवमनला ते पाहवेना. "झालं!" ती म्हणाली. "आता लाव मशीन. आता येते का नाही माहा आवाज पाहू." जयवंता दारात येऊन उभी राहिली. तिनं देवमनकडे पाहिलं. देवमननं एक माईक बाईसमोर ठेवला, टेप चढवली. आज जानराव नाही, ढोलकी नाही. उजवं बटन त्यानं पूर्ण उघडलं आणि हात मांडीखाली धरून बसला. हाताचा आता भरवसा नव्हता.

बाईनं डोळे मिटले. "मी बी येतो वं..." आणि तिला खोकला आला. थांबली, पदर तोंडाला लावला, पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या ओळीला आवाज वर जायचा तिथं तो गेला नाही. वाटेत चिरला. वीस-बावीस वर्षांची रुई त्या गळ्यात बसली होती. देवमननं या पावणेदोन वर्षांत तिचा खोकला ऐकला नव्हता असं नाही, पण तिनं त्याच्यासमोर त्यानंतर एकदाही गाणं म्हटलं नव्हतं. खोली नीट होऊ दे, मग म्हणू, असं म्हणायची. तीन कडवी झाली, चौथ्याला ती थांबली. "ऐकव," म्हणाली. त्यानं ऐकवलं. खोली अव्वल झाली होती, काही लपवत नव्हती. श्वास घेतलेला ऐकू येत होता, खोकला दाबलेला ऐकू येत होता, आवाज कुठं चिरला ते बोट ठेवून दाखवता आलं असतं.

"हे मी हावो?" बाईनं विचारलं.

"हो बाई."

ती फरशीवर बसली. सतरंजीचा दोरा बोटानं ओढत राहिली. मग म्हणाली, "मंग खोलीचा दोस नव्हता रे देवा. माहा आवाजच असा. तवाबी असाच असन. आपल्याले आपला आवाज कुठी ऐकू येते? बाया मले उगाच चढवून देत व्हत्या." आणि हसायचा प्रयत्न करत, "तुले मी बिनाकामाचा तरास देला. हे एवढं सारं टांगाले लावलं."

गप्प बसला असता तर सुटला असता. दोन वर्षं जे उरावर होतं ते आपोआप मिटत होतं. बाई स्वतःच्या हातानं मिटवत होती, सारा दोष पदरात घेऊन. आयुष्यात पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. फक्त बाई मरेपर्यंत असंच समजणार होती की आपल्याला कधी आवाज नव्हताच, जिनातल्या त्या साऱ्या बाया खोटं बोलल्या, आणि भरल्या गळ्यानं गायलेली ती सारी वर्षं एक भ्रम होता. देवमनला फाटकाबाहेर भाकर घेऊन उभा असलेला तो पोरगा आठवला. तो आवाज ओळखणारा.

"बाई, तसं नाही," तो म्हणाला. "तुहा आवाज लय मोठा व्हता. खोलीनं नाही खाल्ला थो. मी खाल्ला. मी बटन खाली केलं व्हतं."

बाईला आधी समजलंच नाही. "कोनतं बटन?"

त्यानं दाखवलं. ती उठून डब्याजवळ आली. "कोन्याकडं फिरवलं?" त्यानं डावीकडे बोट केलं. तिनं आपली दोन बोटं त्या बटनावर ठेवली, कापूस वेचून-निवडून चिरा पडलेली, आणि हळूच फिरवलं. डावीकडे. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, अगदी शेवटपर्यंत.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच."

"आवाजबी नाही होत फिरवताना." तिनं बोटं बटनावरून उचलली. "काहून रे?"

"तू 'येतो' म्हनतं म्हून," देवमन म्हणाला. मान खाली. "साहेब हसले. मले वाटलं, ते म्हनतीन, हिले बोलताबी नाही येत. मले लाज वाटली बाई. तुही लाज वाटली."

म्हणून टाकलं. हे 'तुही' त्यानं कधी मनातही उच्चारलं नव्हतं. आता ते खोलीत पडलं आणि त्या खोलीत ते कुठं जाऊही शकत नव्हतं. जयवंतानं दाराची कडी धरली होती. बाई रडेल, शिव्या देईल, थोबाडीत मारेल, काहीतरी करेल म्हणून तो वाट पाहत होता. मारलं असतं तर बरं झालं असतं. बाई विचारात पडली होती. "मंग काय म्हना लागते?" तिनं विचारलं. "येते?" आणि तिनं हलक्या आवाजात, चालीवर, म्हणून पाहिलं. "मी बी येते वं बायांनो..." दोन-तीनदा म्हटलं. मान हलवली. "नाही जमत. हे कोनी दुसरीच बाई आली असं वाटते."

मग ती बडनेऱ्याच्या गाडीची वेळ विचारू लागली. जयवंतानं चहा केला, तो तिनं बशीत ओतून सारा पिला. जिनात मुकादम बदलला, जाईबाई आता काठी घेऊन चालते, असं जयवंताशी बोलत राहिली. देवमनशी बोलली नाही असंही नव्हतं. कप इकडे दे, म्हणाली. निघायच्या आधी ती पुन्हा मागच्या खोलीत गेली, शिडी अजून तिथंच होती, वर चढली आणि खिडकीवरची गोधडी तिनं आपल्या हातानं खाली उतरवली. दिलेली वस्तू परत घेतलेली देवमननं तिला कधी पाहिलं नव्हतं. "थंडी हाये," एवढंच ती म्हणाली. बाकीच्या पाच तशाच राहू दिल्या. गोधडी या वेळी तिनं बोचक्यात बांधली नाही. त्याच्यासमोरच अंगाभोवती लपेटून घेतली.

खोलीच्या उंबऱ्यात ती थांबली. देवमन खोलीतच होता, डब्यापाशी. उठायचं त्याला सुचत नव्हतं. ती आता म्हणेल आणि आपण 'ये बाई' म्हणू, एवढं तरी होऊ दे, असं तो मनात म्हणत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्यात राग नव्हता, आणि नीट, सावकाश, शाळेत नाव घातलेल्या बाईनं म्हणावं तसं म्हणाली,

"येते."

खिडकीवरची भिंत उघडी होती. शब्द तिच्यावर आपटला आणि परत आला.